गाडीचं कूलंट कुठून गळतंय ते कसं शोधायचं, नवीन लोकांसाठी सगळं नीट

गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणीमिश्रित द्रव, पेट्रोल डिझेलसारखं जळून संपत नाही, ही गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. ते त्याच त्या पाईपांमधून गोल गोल फिरत असतं. वर्षभरात बोनेटखालच्या कूलंटच्या प्लास्टिकच्या बाटलीतली पातळी थोडीशी खाली आली तर चालतं, कारण रबरी पाईप आणि झाकणातून (कॅप) थोडी वाफ जातेच. पण बाटलीवरच्या मॅक्सच्या खुणेपर्यंत भरलेलं कूलंट दोनचार आठवड्यात मिनच्या खुणेला आलं तर ते नक्की कुठेतरी जातंय, एक तर बाहेर, नाहीतर केबिनमध्ये, नाहीतर इंजिनच्या आत. बरेच जण काय करतात, "गाडी थोडं पाणी खाते" म्हणतात आणि दर थोड्या दिवसांनी वरून ओतत राहतात, आणि मग एक दिवस लांबच्या प्रवासात तापमानाची सुई वर चढते आणि गाडी गरम होऊन बंद पडते. आजकाल बहुतेक इंजिनांचं हेड (इंजिनचा वरचा भाग) अॅल्युमिनिअमचं असतं, ते जास्त तापलं की वाकतं, म्हणजे एक साधी क्लिप घट्ट करून जे काम झालं असतं त्याच्यासाठी आख्खं इंजिन खोलायची वेळ येते. म्हणून वरून ओतण्याआधी गळती शोधा, आणि ती शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त क्रमाने जावं लागतं.

हात लावायच्या आधी

गरम इंजिनची कॅप उघडायची नाही. का ते पण समजून घ्या म्हणजे कधीच विसरणार नाही. अर्धं पाणी आणि अर्धं कूलंट असं मिश्रण साध्या हवेच्या दाबाला साधारण १०७ अंशाला उकळतं. पण ही सिस्टीम कॅपने बंद असते, कॅपवर ०.९ किंवा १.१ बार असा आकडा छापलेला असतो (काही कॅपवर १३ किंवा १६ पीएसआय असं लिहितात), त्या दाबामुळे तेच मिश्रण १२५ अंशाच्या आसपास गेलं तरी उकळत नाही. आता तुम्ही कॅप फिरवली की दाब एका क्षणात जातो, आतलं सगळं तिथल्या तिथे उकळतं आणि तोंडावर, हातावर उडतं. खूप वाईट भाजतं. इंजिन बंद करून निदान तासभर थांबा, मग रेडिएटरचा (गाडीच्या पुढची जाळी, जिथे कूलंट थंड होतं) जाड पाईप हाताने दाबून बघा, कडक लागला तर अजून दाब आहे, मऊ लागला तर जाड फडकं कॅपवर टाकून हळूहळू उघडा.

दुसरं, रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असेल तर गाडी बंद असताना पण तो अचानक चालू होऊ शकतो, म्हणून बोटं, ओढणी, केस, टॉर्चची दोरी काही तिथे जाऊ द्यायचं नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय नाहीच.

आणि कूलंट विषारी असतं. त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोडसर, त्यामुळे कुत्री मांजरं ते चाटतात आणि लहान मुलं पण तोंडाला लावू शकतात, थोडंसं पोटात गेलं तरी किडनी निकामी होऊ शकते. जमिनीवर सांडलं की लगेच माती, लाकडाचा भुसा टाकून उचला, मग उरलेला डाग पाण्याने धुवा. काही ठिकाणी लोक थेंब जिभेला लावून ओळखायला सांगतात, ते अजिबात करू नका.

पहिलं काम, खूण करा

गाडी सपाट जागेवर, रात्रभर उभी राहिलेली, इंजिन एकदम थंड. बाटलीवर जिथे पातळी आहे तिथे टेपचा तुकडा चिकटवा किंवा मार्करने रेघ मारा, तारीख लिहा, मोबाईलवर फोटो काढा आणि किलोमीटर पण लिहून ठेवा. मग रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी त्याच जागी बघा. गरम असताना पातळी वर येते आणि थंड झाल्यावर खाली जाते, म्हणून एकदा संध्याकाळी बघितलं आणि एकदा सकाळी बघितलं तर उगाच घाबरायला होतं. हे काम कंटाळवाणं आहे पण पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे, कारण किती वेगाने कमी होतंय हे कळलं की गळती मोठी आहे का बारीक हे कळतं, आणि मेकॅनिककडे गेलात तरी त्याला "कमी होतंय" एवढं सांगण्यापेक्षा "एवढ्या किलोमीटरला एवढं" असं सांगितलं तर त्याचं अर्धं काम होतं.

ज्या गाड्यांमध्ये रेडिएटरला वेगळी कॅप आहे तिथे ती पण उघडून बघा, थंड असतानाच. कधी कधी बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून रिकामा असतो, कारण कॅपचा व्हॉल्व्ह खराब झालेला असतो किंवा बाटलीकडून येणारी बारीक नळी चिरलेली असते, मग थंड होताना रेडिएटर बाटलीतून कूलंट ओढूच शकत नाही. नुसत्या बाटलीवर विश्वास ठेवून बसणारे इथेच फसतात.

एक अपवाद सांगतो. नुकतंच कूलंट बदललं असेल किंवा पाईप बदलला असेल तर पहिले काही दिवस पातळी थोडी खाली जाते, आत अडकलेली हवा बाहेर पडते म्हणून. एकदोन वेळा भरल्यावर ती स्थिर झाली तर ती गळती नाही.

खाली पडलेला थेंब कशाचा आहे

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा, त्यावर पांढरे कागद टाकले तर अजून बरं. सकाळी डाग कुठे आहे बघा आणि पुठ्ठ्यावर गाडीचं पुढचं टोक कुठलं ते लिहा नाहीतर नंतर गोंधळ होतो. एसीचं पाणी असेल तर ते एकदम स्वच्छ, वास नाही, बोटांना चिकट नाही, आणि साधारण डॅशबोर्डच्या खालच्या भागातून टपकतं, ते नॉर्मल आहे, त्याची काळजी करू नका. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं आणि तेलकट. ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल बऱ्याचदा लाल असतं, ते पण तेलकटच. ब्रेक ऑइल फिकट पिवळं, बहुतेक चाकाजवळ सापडतं, आणि ते सापडलं तर कूलंट बाजूला ठेवा आणि गाडी चालवू नका. कूलंट हिरवं, गुलाबी, नारिंगी, निळं, पिवळं असं कुठल्याही रंगाचं असू शकतं, बोटांच्या मध्ये चोळलं (ग्लोव्हज घालून) की बुळबुळीत लागतं पण तेलासारखं नाही, आणि गोडसर वास येतो. बाटलीत जो रंग आहे तोच पुठ्ठ्यावर आहे का हे बघा, एवढं पुरतं.

डाग सापडला की त्याच्या बरोबर वर गळती असेल असं मात्र समजू नका. कूलंट पाईपवरून, इंजिनच्या कडेवरून, खालच्या प्लास्टिकच्या कव्हरवरून वाहत जातं आणि भलतीकडेच टपकतं. आणि ज्या गाड्यांना खाली पूर्ण कव्हर आहे तिथे तर बरंच कूलंट कव्हरमध्येच साठतं, पुठ्ठा कोरडा राहतो. म्हणून पुठ्ठा कोरडा म्हणजे गळती नाही असं नाही.

टॉर्च घेऊन बघायचं, थंड इंजिनवर

इथे वेळ द्या, घाई करू नका. ओलं शोधायचंच, पण वाळलेला डाग त्याच्यापेक्षा जास्त कामाचा असतो. बारीक गळती गरम इंजिनवर लगेच वाफ होऊन उडून जाते, मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरखरीत थर राहतो, क्षारासारखा. तो थर दिसला की तिथून वर वर शोधत जा, जिथे सगळ्यात उंचावर थर किंवा ओल आहे तिथे गळती असण्याची शक्यता जास्त. पंख्याच्या हवेने थेंब मागे उडतात हे पण लक्षात ठेवा.

सुरुवात बाटलीपासून करा. ही प्लास्टिकची बाटली गरम थंड होऊन काही वर्षांनी पिवळी पडते आणि जोडाच्या रेषेवर तडा जातो, तडा एवढा बारीक असतो की नुसता डोळ्याला दिसत नाही, पण खालच्या बाजूला थर दिसतो. मग प्रत्येक रबरी पाईप टोकापर्यंत बघा. पाईप मध्यभागी फुटण्यापेक्षा टोकाला, क्लिपच्या जागी जास्त गळतो. हाताने दाबा, पाईप फुगलेला, खूप मऊ पडलेला किंवा दाबल्यावर कुरकुरत असेल तर तो संपला आहे, आज गळत नसला तरी बदलायचाच. पाईपावर ऑइल पडत असेल तर रबर फुगतं, मग आधी ऑइलची गळती थांबवली पाहिजे नाहीतर नवीन पाईप पण तसाच होईल.

रेडिएटर बघताना मधल्या जाळीपेक्षा दोन्ही टोकांच्या प्लास्टिकच्या टाक्यांकडे जास्त लक्ष द्या. अॅल्युमिनिअमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी यांच्यामध्ये रबराची पट्टी असते आणि वरून पत्रा दुमडलेला असतो, ती पट्टी कडक झाली की तिथून पाझर सुरू होतो, आधी फक्त थंडीत मग नेहमीच. रेडिएटरच्या खालचा ड्रेन प्लग पण हात लावून बघा.

वॉटर पंप बऱ्याच नवीन लोकांना माहीतच नसतो. पंपाच्या आत एक सील असतं, ते खराब झालं की कूलंट बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून कंपनीने पंपाच्या अंगावर खाली एक बारीक भोक दिलेलं असतं. त्या भोकातून थेंब येत असेल किंवा तिथून खाली ओघळ वाळलेला असेल तर पंप जाणार आहे, ते भोक काहीतरी लावून बंद करायचं नाही, पंप बदलायचा. काही इंजिनांमध्ये पंप टायमिंग बेल्टच्या कव्हरच्या आत असतो, दिसतच नाही, मग कव्हरच्या खालच्या कडेला ओघळ आहे का बघायचं, आणि बेल्ट बदलताना पंप पण सोबतच बदलून घेतात त्याचं कारण हेच, परत तेवढंच खोलावं लागू नये. इंजिन बंद असताना पंपाची पुली (बेल्ट ज्यावर फिरतो ते चाक) हाताने हलवून बघितली आणि ती लटपटली किंवा इंजिन चालू असताना घरघर आवाज आला तर शंका पक्की.

थर्मोस्टॅटचं (कूलंट गरम झाल्यावर ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) घर, तेही आजकाल प्लास्टिकचं असतं आणि चिरतं. हीटरकडे जाणारे दोन पाईप इंजिनच्या मागे केबिनच्या पत्र्यात शिरतात तिथे. टर्बो असेल तर टर्बोला जाणारे बारीक पाईप.

इंजिन चालू करून

आता गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये नाही, आणि चालू ठेवून गरम होऊ द्या, पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत. थोडं लांबून टॉर्च मारून बघा, कान द्या, सूं असा आवाज, वाफेची बारीक धार, गोड वास, यातलं काही. मग इंजिन बंद करा आणि लगेच निघून जाऊ नका. इंजिन बंद झाल्यावर कूलंट फिरायचं थांबतं पण धातूतली उष्णता त्यात उतरत राहते, त्यामुळे पुढची काही मिनिटं तापमान आणि दाब अजून वाढतो आणि बऱ्याच गळत्या नेमक्या याच वेळी दिसतात.

काही गळत्या याच्या उलट वागतात. पाईपाच्या टोकाशी क्लिप सैल असेल तर थंडीत रबर आकसून थेंब येतो, गरम झालं की रबर फुगून जागा बंद, आणि मेकॅनिककडे पोचेपर्यंत सगळं कोरडं. म्हणून सकाळी गाडी चालू करायच्या आधी एकदा बोनेट उघडून बघायची सवय लावा, निदान शोध चालू आहे तोपर्यंत तरी.

प्रेशर टेस्टर

नुसतं बघून सापडलं नाही तर हे एकच साधन घ्या असं मी सांगेन, बाकी सगळं नंतर. हा एक हातपंप असतो, त्याला घड्याळासारखा गेज आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या तोंडाला बसणारे अडॅप्टर असतात. थंड इंजिनची कॅप काढायची, बाटली योग्य पातळीपर्यंत भरायची, पंप बसवायचा आणि कॅपवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत दाब भरायचा, त्याच्या वर अजिबात नाही, नाहीतर चांगला रेडिएटर तुम्हीच फोडाल. आता इंजिन बंद, पंखा बंद, काहीच गरम नाही, आणि तरी सिस्टीममध्ये चालू गाडीएवढा दाब आहे, म्हणजे निवांत हात घालून प्रत्येक जोड बघता येतो, भाजायची भीती नाही. पंधरावीस मिनिटं काटा जागेवर राहिला पाहिजे. काटा खाली येतोय आणि बाहेर ओल दिसली तर गळती सापडली. काटा खाली येतोय आणि बाहेर कुठेच काही नाही तर आधी पंपाचा स्वतःचा जोड नीट बसलाय का बघा, आणि तो बरोबर असेल तर गळती केबिनमध्ये किंवा इंजिनच्या आत. काटा हललाच नाही तर कॅप तपासा, टेस्टरसोबत कॅप तपासायचा अडॅप्टर पण येतो, जुन्या कॅपचं रबर चपटं होऊन ती कमी दाबालाच उघडते आणि कूलंट वाफ होऊन जातं. कॅप म्हणजे या सगळ्यात स्वस्त वस्तू आणि तीच लोक शेवटी बघतात.

फारच बारीक गळती असेल तर यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग, टाकायचा. कूलंटसाठीचाच घ्या, ऑइलचा आणि एसीचा वेगळा असतो. बाटलीत टाका, काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, मग अंधारात यूव्ही टॉर्च मारा, गळतीची जागा हिरवी पिवळी चमकते. आधी सांडलेलं सगळं धुऊन घ्या नाहीतर जुने डाग पण चमकतात आणि आख्खं इंजिनच गळतंय असं वाटतं.

केबिनमध्ये गळत असेल तर

डॅशबोर्डच्या आत हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो. तो गळला की गाडीखाली थेंब नसतो, पण हीटर लावला की गोड वास येतो, समोरची काच आतून सारखी धूसर होते आणि पुसल्यावर तेलकट फिल्म राहते, आणि पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं लागतं. कार्पेटखाली हात घालून बघा, वरून कोरडं असलं तरी खालचा फोम भिजलेला असतो. एसीची नळी तुंबली तरी कार्पेट भिजतं, पण ते साधं पाणी असतं, बुळबुळीत नाही.

इंजिनच्या आत जात असेल तर

याची लोकांना सगळ्यात जास्त भीती वाटते, आणि भीतीपोटी चुकीचे निष्कर्ष पण इथेच काढले जातात. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येणं नॉर्मल आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पण दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोड वास असेल तर मात्र लक्ष द्या. तसंच ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस, छोटे छोटे प्रवास करणाऱ्या गाड्यांमध्ये तो नुसत्या दमटपणाने पण होतो. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा, तिथलं ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल आणि पातळी पण वाढली असेल तर ऑइलमध्ये कूलंट गेलंय, मग गाडी चालू करू नका, तशा ऑइलने बेअरिंग खराब होतात, टो करूनच न्या.

हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनच्या खालच्या भागामधलं सील) गेल्याची अजून खूण म्हणजे थंड इंजिन चालू करून दोनचार मिनिटांतच रेडिएटरचा पाईप दगडासारखा कडक होतो, अजून तापमान वाढलेलं नसताना, आणि बाटलीत सारखे बुडबुडे येतात, कारण सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. खात्री करायला एक सोपी टेस्ट असते, निळ्या द्रवाची नळी बाटलीच्या तोंडावर धरतात आणि आतली हवा त्यातून ओढतात, जळलेला गॅस असेल तर निळा रंग बदलून हिरवट पिवळा होतो. फक्त त्या नळीत कूलंट ओढलं जाणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर टेस्ट वाया जाते. मेकॅनिक नुसतं बघून "हेड खोलावं लागेल" म्हणाला तर ही टेस्ट आधी करा म्हणून सांगा, तो तुमचा हक्क आहे. आणि डिझेल गाडी असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग) तपासायला सांगाच, तो आतून फुटला की कूलंट सरळ धुराबरोबर जातं, लक्षणं गॅस्केटसारखीच, आणि चांगलं हेड उगाच खोललं जातं.

रस्त्यात सुई चढली तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा फुल, त्याने इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये निघते. सुरक्षित जागा दिसली की थांबून इंजिन बंद करा. कॅप उघडायची नाही, गरम इंजिनमध्ये थंड पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो. आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच बरोबर सांगतो, सगळं कूलंट निघून गेलं तर तो हवेत राहतो आणि सुई चक्क खाली येऊ शकते. चढलेली सुई अचानक खाली पडली आणि हीटरमधून गार हवा यायला लागली तर बरं झालं म्हणून पुढे जाऊ नका, लगेच थांबा.

गळती सापडल्यावर

क्लिप सैल असेल तर घट्ट करा, पण जोर लावून पिळू नका, प्लास्टिकचं नळकांडं तुटतं. पाईप, कॅप, बाटली हे घरी बदलता येतं. पंप, हीटरचा रेडिएटर, गॅस्केट ही कामं अनुभवी माणसाकडे द्या. बाटलीत ओतायची गळती बंद करणारी पावडर किंवा लिक्विड मी कोणालाच सुचवत नाही, ते हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या पण बंद करू शकतं, मग एका दुखण्याची दोन होतात. फारच अडचण असेल आणि घरापर्यंत पोचायचं असेल तर साधं पाणी भरा, पण नंतर ते काढून टाकून योग्य मिश्रण भरा.

भरताना मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच घ्या, रंगावरून घेऊ नका, एकाच रंगात वेगवेगळ्या कंपन्या वेगळं केमिकल विकतात आणि चुकीचं मिसळलं की गाळ होऊ शकतो. काँसन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) असेल तर डिस्टिल्ड पाण्यात अर्धं अर्धं, तयार मिश्रण असेल तर तसंच. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून, हीटर गरमवर ठेवून, हळूहळू भरा, थर्मोस्टॅट उघडून रेडिएटरचा पाईप गरम होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, थंड झाल्यावर परत पातळी बघा. काढलेलं कूलंट गटारात किंवा मातीत टाकू नका, बंद डब्यात भरून वर्कशॉपमध्ये द्या. आणि बाटलीवर नवीन टेप लावा, नवीन तारीख टाका, महिनाभर थंड इंजिनवर बघत रहा, रेघ हलली नाही तर काम झालं, हलली तर प्रेशर टेस्टपासून परत सुरू करा कारण जुन्या सिस्टीममध्ये एक जागा बंद झाली की वाढलेल्या दाबाने दुसरी कमकुवत जागा बऱ्याचदा उघडते.